सिनेमाचा शेवट माझ्या पोटात

मित्रांनो, हा पाटासारखा चपटा, गोल, कडेनं गंजलेला डबा दिसतोय ना, तो मी. बरेच जण मला भाकरीचा डबा समजतात, म्हणून आधीच सांगून टाकतो: मी सिनेमाच्या रिळाचा डबा आहे. एके काळी माझ्यात नट, नट्या, मारामाऱ्या आणि एखाददुसरा महापूर सहज मावायचा.

माझी उमेदीची वर्षं कोल्हारजवळच्या माळावर गेली. एका हौशी बागायतदारानं तिथे मोटारीत बसून सिनेमा बघायची सोय केली होती. सोय झकास होती, फक्त पंचक्रोशीत मोटारी नव्हत्या. मग लोक बैलगाड्या आणि ट्रॉल्या घेऊन आले. मागच्यांना नायिकेच्या जागी पुढच्या बैलांची शिंगं दिसायची, तरी शिट्ट्या काही कमी पडल्या नाहीत. लोक सूर्यभान ऑपरेटरचं कौतुक करायचे आणि सूर्यभान मला रोज फडक्यानं पुसायचा.

मग घरोघरी केबल आली नि माळ ओस पडला. शेवटच्या खेळाला एक रडका सिनेमा होता. पळून गेलेल्या पोराची वाट बघत आई स्टेशनात बसलीय, गाडी येते, दार उघडतं, आणि नेमकी तेव्हाच वीज गेली. ती काही परत आली नाही. लोक सूर्यभानवर तुटून पडले. पण शेवट त्यालाही ठाऊक नव्हता, सिनेमा त्याच दिवशी आलेला. रिळं सकाळच्या एस.टी.नं परत जायची होती. म्हणून त्यानं अंधारात चाचपडत शेवटाचा तुकडा कापला, माझ्या पोटात घातला आणि जाहीर केलं, की शेवट या माळावरच लपवलाय, हवा असेल त्यानं हुडकावा नि उन्हात धरून बघावा. मग तो गावी निघून गेला.

आता सूर्यभान शनिशिंगणापूरचा. ज्याच्या घराला दारच नाही, त्याला लपवायची काय सवय असणार? त्यानं मला तिकीट खिडकीच्या ओट्यावर उघड्यावर ठेवलं, वर झाकण दाबलं, झालं काम! गावानं मात्र पहारी आणल्या, पडद्याच्या भिंतीचा पाया उकरला, माळभर खड्डे पाडले. मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

सगळे दमले, पण बनाबाई हटेना. त्याच खेळाला तिचं आणि तिच्या धाकट्या जावेचं, रंगुबाईचं, चांगलंच वाजलं होतं. बनाबाई म्हणाली, पोरगा आला असणार. रंगुबाई म्हणाली, कशाचा येतोय, म्हातारी वाट बघूनच मेली. बनाबाईचा स्वतःचा पोरगा सुरतेला गेलेला, दिवाळीलाही न येणारा, त्यामुळे हे तिच्या काळजाला लागलं. अंगण एक, पण बोलणं बंद. काही सांगायचं झालंच तर दोघी शेळीला सांगायच्या.

बनाबाई रोज यायची, काठीनं माती उकरायची, आणि दमली की माझ्यावर बसायची. अहो, माझ्यावर बसून मलाच शोधायची! मला तोंड असतं तर बोंब ठोकली असती. अशी वर्षं गेली आणि तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला.

एक दिवस मच्छिंद्र ट्रॅक्टरवाला कांदे साठवायच्या चाळीसाठी माळ सपाट करायला आला. त्यानं बनाबाईला उठवलं आणि मला भंगारात टाकायला उचललं, तर झाकण निघून पट्टी खाली पडली. बनाबाईनं झडप घातली, पट्टी उन्हात धरली. डोळ्यांपुढे नुसतं धुकं. मच्छिंद्रनं तो सिनेमा पाहिलेला नव्हता, त्याला काय कळणार? बांधापलीकडे रंगुबाई गवत कापत होती. बनाबाई शेळीला नाही, थेट तिलाच म्हणाली, "रंगू, तुला नीट दिसतंय. बघ, आन खरं असंल ते सांग."

रंगुबाईनं पट्टी वर धरली. मित्रांनो, मला पहिल्यापासून ठाऊक होतं. अंधारात सूर्यभाननं भलताच तुकडा कापला होता. पट्टीवर होता खेळाआधीच्या जाहिरातीतला दंतमंजनवाला, सगळे दात दाखवत. त्याच चेहऱ्याची डबी रंगुबाईच्या मोरीत होती, तिनं त्याला तेव्हाच ओळखलं. मग तिनं बनाबाईच्या धुरकट डोळ्यांकडे पाहिलं.

"आलाय, आक्का," ती म्हणाली. "पोरगा आलाय. माझंच चुकलं."

"कसा दिसतोय?"

"हसतोय. लई हसतोय."

बनाबाईनं पदर तोंडाला लावला. रंगुबाई विळा ठेवून तिच्याजवळ बसली, आणि मलाही रडू आलं, खोटं कशाला बोलू.

आता मी ती पट्टी पोटात घेऊन त्या दोघींच्या अंगणात असतो. मित्रांनो, जुन्या डब्यांवर खुशाल बसा, पण कधीतरी झाकण काढून आतही बघत जा. फक्त मला उघडलंत, तर आत कोण आहे ते बनाबाईला सांगू नका. तिचा पोरगा अजून यायचाय.