एकोणचाळीस वर्षांची आत्या

आमच्या फॅबुल्ला बाईसाहेब गेली बारा वर्षं एकोणचाळीस वर्षांच्या होत्या आणि त्यांना तिथे टिकवून ठेवायचं काम माझं होतं. मी थाल्लुसा, त्यांची केस विंचरणारी दासी. पांढरा केस दिसला की उपटायचा, आणि कुणी विचारलं तर कुठला केस, कसला केस.

बाईसाहेब म्हणजे सम्राटांची सख्खी आत्या. सम्राट पस्तिशीचे. लहानपणी आत्या आपल्याला कडेवर घेऊन टायबरकाठी बदकं दाखवायला न्यायची, असं ते येईल त्याला कौतुकाने सांगत. चार वर्षांच्या पोरीने अंगावरचं बाळ नदीपर्यंत कसं नेलं, हे विचारायची रोममध्ये कुणाची टाप नव्हती. "मी पहिल्यापासून अंगाने मजबूत," बाईसाहेब म्हणायच्या. सरकारी दप्तरातली त्यांच्या जन्माची पाटी उंदरांनी खाल्ली होती. ते उंदीर बाईसाहेबांनीच सोडले होते; कारकुनाला फक्त दार उघडं ठेवायचं होतं.

दोन नवरे त्यांनी व्यवस्थित पोचवले होते. मूल नव्हतं, आणि त्याचं दुःख त्यांनी केव्हाच करून संपवलं होतं. दुपारी हमामखाना, संध्याकाळी नकलांचा खेळ, परत आल्यावर मध घातलेली दारू, आणि एवढा वेळ कुठे होतीस असं विचारणारं घरात कुणी नाही. मी इतकी सुखी बाई दुसरी पाहिलेली नाही.

आणि नेमका तिथेच कायदा आडवा आला. पन्नाशीच्या आतल्या विधवेने दोन वर्षांत पुन्हा लग्न करायचं, हा आमच्याकडचा नियम. दोन वर्षं भरत आली तशी सम्राटांनी चिठ्ठी पाठवली. उत्तर सरहद्दीवरच्या डॅन्यूब नदीवरून सेनापती गार्गिलियस आले आहेत, गेली सहा वर्षं एकटे आहेत, आत्याला बरोबर घेऊन जायला तयार आहेत.

गार्गिलियसना आम्ही ओळखत होतो. ते प्रत्येक जेवणात एकाच वेढ्याची गोष्ट सांगायचे, आणि पाव फोडून तटबंदी मांडायचे. डॅन्यूबवर म्हणे दाढीत बर्फ धरतो. जाणार बाईसाहेब, म्हणजे बरोबर मीही.

बाईसाहेबांनी दार लावून घेतलं.

"थाल्लुसा, माझं खरं वय किती?"

"एकोणचाळीस."

"अगं, इथे कोणी नाही."

"तरी एकोणचाळीसच."

"टाचणी टोचीन हं."

"एक्कावन्न."

त्यांनी आरसा जवळ ओढला. "मला वाटलं होतं एवढं झालं नसेल," त्या म्हणाल्या.

त्या रात्रीच्या मेजवानीला मी त्यांच्या आसनामागे उभी होते. गार्गिलियसांची तटबंदी मांडून झाली होती. समोर सम्राटांच्या सासूबाई, ओपिया, मोराच्या मांसावर ताव मारत होत्या. तीन वर्षांपूर्वी विधवा झाल्यावर त्या आठ दिवसांसाठी म्हणून लेकीकडे राजवाड्यात आल्या आणि तिथेच राहिल्या. भाजीतल्या मिठापासून जावयाच्या मित्रांपर्यंत सगळीकडे त्यांचं लक्ष असायचं. ओपिया आणि आमच्या बाईसाहेब बाळपणीच्या मैत्रिणी; म्हणजे एकमेकींचं सगळं वाईट ज्यांना पाठ आहे अशा.

बाईसाहेबांनी पेला खाली ठेवला. "बाळा, मला लग्न करता येणार नाही. मी एक्कावन्न वर्षांची आहे."

सम्राट हसायला लागले. "आत्या, लग्न टाळायला माणूस काय काय बोलतं. गेल्याच महिन्यात तुझा एकोणचाळिसावा वाढदिवस केला आपण."

"दरवर्षी तोच करतोस रे."

"मग साक्षीदार दे. दप्तर तर उंदरांनी खाल्लं."

बाईसाहेबांनी ओपियाकडे पाहिलं. ओपियांनी तोंड पुसलं, अंगठ्या सारख्या केल्या. एवढा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मी लेकीच्या लग्नातही पाहिला नव्हता.

"ज्युनोची शपथ, एक्कावन्नच," त्या म्हणाल्या. "मला सगळं आठवतंय. ही घोडी एवढी थोराड, आणि मी हिचं बोट धरून चालायचे. मी दोन वर्षांनी लहान ना हिच्यापेक्षा."

सम्राटांचं हसू थांबलं. त्यांनी बोटांवर हिशेब केला आणि सासूकडे इतक्या प्रेमाने पाहिलं की मलाच कसंतरी झालं.

"म्हणजे सासूबाई, तुम्ही एकोणपन्नास. आणि विधवा होऊन तीन वर्षं झाली. माझंच दुर्लक्ष झालं." ते सेनापतींकडे वळले. "डॅन्यूबची हवा ह्यांना मानवेल ना?"

"थंडी आहे," गार्गिलियस म्हणाले. "पण मी वेढ्याच्या गोष्टी सांगेन."

ओपियांचा रंग उडाला. शपथ तर ज्युनोची, ती मागे घ्यायची कशी? त्यांनी आमच्या बाईसाहेबांकडे पाहिलं. खरं वय सांगू शकेल अशी जिवंत बाई एकच उरली होती, आणि तिला आत्ताच घोडी म्हणून झालं होतं.

माझ्या बाईसाहेबांना मी बावीस वर्षं ओळखते. त्यांनी एक ऑलिव्ह उचललं, सावकाश खाल्लं, बी बाजूला ठेवली. मला वाटलं, गेली ओपिया डॅन्यूबला. आणि खरं सांगते, मला बरंही वाटलं.

"तिची शपथ धरू नकोस, बाळा," बाईसाहेब म्हणाल्या. "लहानपणापासून विसराळू आहे ती. बोट मी धरायचे, तिचं. लग्नाआधी आमच्या बाहुल्या एकाच दिवशी व्हीनसला वाहिल्या, आणि तेव्हा तिच्या आईने सगळ्यांसमोर सांगितलं होतं. ओपिया माझ्यापेक्षा तीन महिन्यांनी मोठी आहे."

सगळ्या माना ओपियांकडे वळल्या. लेक, जावई, सेनापती, वाढणारे, बासरीवाली. तोंडावरचा खडूचा लेप तडकला त्यांच्या. सम्राट आशेने पुढे झुकले होते. "सासूबाई, आत्या म्हणते ते खरं की तुमचं?"

ओपियांनी सेनापतींच्या पावाच्या तटबंदीकडे पाहिलं.

"चार," त्या म्हणाल्या. "चार महिन्यांनी मोठी."