मुदतीचा ताप

चौथा प्रश्न वाचला आणि राहीबाईनं टाक खाली ठेवला.

‘विषमज्वराच्या रोग्याचा आहार कसा ठेवाल, व ताप उतरल्यावर तो कसा वाढवाल?’ एवढाच प्रश्न. राहीला तो तोंडपाठ होता. दूध, ताकाची निवळी, मोसंब्याचा रस, बार्लीचं पाणी. ताप उतरल्यापासून दहा दिवस घट्ट अन्नाचा कण नाही, कारण आतड्यांतले व्रण अजून ओले असतात. तिनं पुन्हा टाक उचलला, दौतीत बुडवला. आणि कानाशी कुणीतरी हलकेच म्हणालं, “आक्का, भाकरी हाय का गं?”

तिनं मागं वळून पाहिलं नाही. मागं कुणी नाही हे तिला ठाऊक होतं. कागदावर शाईचा एक थेंब पडला आणि पसरत गेला. घंटा होईपर्यंत ती त्याच्याकडं बघत बसली. पुढचे प्रश्न तिनं वाचलेसुद्धा नाहीत.

सांगलीच्या दवाखान्यात शिकायला आली तेव्हा राही अठरा वर्षांची होती. कवठे महांकाळच्या पलीकडल्या माळावर मेंढरं राखणाऱ्या धुळाची ही लेक. लग्नाला वर्ष व्हायच्या आत नवरा गेला आणि सासरच्यांनी माघारी धाडली. गावच्या शाळेत सातवी झालेली ती एकटीच मुलगी, म्हणून मास्तरांनी धुळाला गळ घालून तिला नर्सिंगला पाठवलं. पहिल्या वर्षी बाकीच्या मुली तिच्या बोलण्याला हसायच्या. दुसऱ्या वर्षी ती पहिली आली, तेव्हा हसायच्या थांबल्या.

तिसऱ्या वर्षी, चव्वेचाळीसच्या पावसाळ्यात, बायकांच्या वॉर्डात चंद्राबाई आली. शिराळ्याकडची, विशीतली. नवरा पलटणीत, ब्रह्मदेशाच्या लढाईवर. अंगात मुदतीचा ताप, म्हणजे विषमज्वरच, आणि उशाशी आई, अंबूबाई. तीन आठवडे तापानं फणफणून पोरीची नुसती काडी राहिली. मग ताप उतरला आणि भूक पेटली.

“वाईच तुकडा दिऊ का गं हिला?” अंबूबाईनं राहीला विचारलं.

“न्हाई, मावशी. एक तुकडा बी न्हाई. आतडं फाटंल.”

अंबूबाईनं ते ऐकलं. लेकीनं मागितलं की ती भिंतीकडं तोंड करायची आणि “न्हाई” म्हणायची. दिवसातून दहा वेळा, वीस वेळा.

त्या दिवसांत दोन मुली स्वतःच तापानं पडल्या होत्या. राहीला नऊ दिवसांत एकही सुटी मिळाली नव्हती. दिवसभर वॉर्डात पाय मोडायचे आणि उरल्या वेळात पुस्तक उघडायचं, तर अक्षरं मुंग्यांसारखी चालायला लागायची. अशाच एका दुपारी ती आपली भाकरी घेऊन वॉर्डाच्या कोपऱ्यात टेकली. अंबूबाई कृष्णेवर धुणं धुवायला गेली होती.

“आक्का, भाकरी हाय का गं?”

आवाजात रड नव्हती, हट्ट नव्हता. माळावर उन्हातान्हात एखादीनं दुसरीला विचारावं, तसंच. राही उठली. तिनं चतकोर मोडली आणि चंद्राच्या हातात ठेवली. चंद्रानं डोळे मिटून, एकेक घास पुष्कळ वेळ चावून ती खाल्ली.

दुसऱ्या दिवशी चंद्राचं पोट दगडासारखं ताठ झालं. तिसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

“या तापात होतं असं,” डॉक्टर हात धुता धुता म्हणाले. “कुणाचा दोष नाही.”

राही चादरीची घडी घालत होती.

तेव्हापासून नाडी मोजताना चाळिसाच्या पुढं तिचा आकडा चुकायला लागला. तास चालू असताना आवाज यायचा, जेवताना यायचा. ताटातली भाकरी तिनं सोडूनच दिली. पुढच्या उन्हाळ्यात त्या परीक्षेचा निकाल लागला तेव्हा नापास झालेलं एकच नाव होतं.

शिकवणाऱ्या लीलाबाईंनी तिला खोलीत बोलावलं. बाई कडक, हसायच्या क्वचित. शाईचा डाग पडलेला कागद त्यांनी पुढं सरकवला.

“याचं उत्तर तू बाकीच्या मुलींना शिकवलंस. मग लिहिलं का नाहीस?”

राहीनं सांगितलं. उभ्या उभ्या, खाली बघत, सगळं सांगितलं.

लीलाबाईंनी कागदाची घडी करून बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, “भाकरीनं गेली असं मी म्हणणार नाही. भाकरीनं नाही गेली असंही म्हणणार नाही. ते आता कुणालाच कळायचं नाही.”

“मग म्या काय करू, बाई?”

“मला सांगितलंस, पण मी तिची कोण? ज्यांची होती त्यांच्याकडं जा. आल्यावर अभ्यासाला बस.”

कोळशावर चालणाऱ्या सर्व्हिस मोटारीनं राही इस्लामपूरला गेली, तिथून दुसऱ्या मोटारीनं शिराळ्याला. अंबूबाई ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती. राही पायरीखालीच थांबली आणि आडपडदा न ठेवता बोलली. बोलणं संपलं तेव्हा सुपातला हात थांबला होता.

“खाल्ली तिनं?” अंबूबाईनं विचारलं.

“खाल्ली.”

“समदी?”

“समदी. चतकोर व्हती.”

म्हातारीनं पदर तोंडाला लावला. “वरीस व्हत आलं,” ती म्हणाली. “घास उचलला की म्होरं येती. उपाशी गेली माझी लेक. मागत मागत गेली, आन् म्या आई आसून न्हाई म्हणलं.”

“म्या दिली म्हणूनशान गेली आसंल, मावशी.”

“आसंल.”

अंगणात कोंबड्या फिरत होत्या. सुपातला एक खडा उचलून अंबूबाईनं बाहेर टाकला. मग आणखी एक.

“सांगितलंस, बरं केलंस,” ती म्हणाली. “आता जा. पुन्यांदा हितं यिऊ नगंस.”

राही पाया पडायला वाकली. म्हातारीनं पाय लुगड्याखाली ओढून घेतले.

दिवाळीच्या आधी राही पुन्हा परीक्षेला बसली. आवाज गेला नव्हता. पेपर लिहिताना तो आला, तेव्हा तिनं टाक खाली ठेवला नाही. त्याला शेजारी बसू दिलं आणि लिहीत राहिली. बेताच्या मार्कांनी ती पास झाली. पहिली ती परत कधीच आली नाही.

नेमणुकीच्या वेळी तिनं तापाचा वॉर्ड मागून घेतला. तिथं कुणी स्वतःहून जात नसे. दोन वर्षांनी, ताप उतरलेल्या एका पोरीच्या उशाशी तिची आई बसली होती. पोरगी खायला मागत होती आणि आईची मान खाली जात होती. राही त्या बाईच्या मागं जाऊन उभी राहिली.

“तुमी वाईच भाईर जाऊन बसा, मावशी. न्हाई म्हणायचं काम माझं हाय.”

बाई पदर सावरत बाहेर गेली. राही तिच्या जागेवर बसली. पोरीनं पुन्हा मागितलं, तेव्हा तिच्या डोळ्यांत बघत ती म्हणाली, “न्हाई.”