श्रीनिवासरावांचा डेटाबेस

श्रीनिवासरावांच्या पिंडाला कावळा शिवलाच नाही. भावानं हात जोडून नाना वचनं दिली, तरी कावळा आपला फांदीवरच. शेवटी दर्भाचा कावळा करून उरकावं लागलं. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या चैतालीला तेव्हा ऑफिसला उशीर होत होता, एवढीच काय ती काळजी.

खराडीच्या ऑफिसात पोचते तर तिथं हलकल्लोळ. श्रीनिवासरावांनी उभी केलेली रक्तपेढ्यांची वेबसाइट बंद! कुठं कोणतं रक्त शिल्लक आहे, एकाही दवाखान्याला दिसेना. नेटवर्क ठणठणीत, पासवर्ड बरोबर, फायरवॉलमध्ये वाट मोकळी. रक्तसाठ्याच्या नोंदी ठेवणाऱ्या डेटाबेसच्या मशीनवर बसून विचारलं तर तो मुकाट उत्तरं द्यायचा. वेबसाइट चालवणाऱ्या वेब सर्व्हरनं हाक मारली की कनेक्शन नाकारायचा. दोन्ही मशीन बंद करून चालू केली. ढिम्म!

‘‘श्रीनिवासरावांनी तुला इतकी वर्षं काय चहा ढवळायला शिकवलं?’’ अनिरुद्धसाहेबांनी विचारलं.

चैतालीचा तिथला तो शेवटचा दिवस. बंगळूरची नोकरी पक्की, संध्याकाळची गाडी, सामान ऑफिसच्या दाराशी. ‘माझ्यामागं याला तू बघायचंस,’ असं श्रीनिवासराव डेटाबेसकडे बोट दाखवून उठताबसता म्हणायचे आणि ही हसून विषय टाळायची. आता तिला ते आठवलं.

‘‘बघीन मी,’’ ती पुटपुटली. काही झालं नाही. मग लाज सोडून, घाटावर पिंडापुढं वचन देतात तसं ती मोठ्यानं बोलली, ‘‘श्रीनिवासराव, याला मी बघीन. सोडून जाणार नाही.’’

कनेक्शन लागलं.

सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. योगायोग हो, दुसरं काय, असं स्वतःला बजावत ती खाली आली. रिक्षात बसून ‘‘स्टेशन’’ म्हणाली मात्र, फोन वाजला.

‘‘अगं, पुन्हा बंद पडलं!’’ अनिरुद्धसाहेब ओरडत होते. ‘‘ससून हॉस्पिटलमधून फोन येतायत!’’

तिनं डोळे मिटले. कुणाची तरी आई तिकडं रक्तावाचून पडली असेल.

‘‘स्टेशन नको,’’ ती रिक्षावाल्याला म्हणाली. ‘‘घरी चला.’’

‘‘लागलं, लागलं!’’ फोनमधून आवाज आला. मेली कटकट, म्हणत ती घरापर्यंत रडत गेली.

पुढं काही वर्षांनी नम्रता नावाची चटपटीत मुलगी चैतालीच्या हाताखाली कामाला लागली. तिनं नम्रताला हातचं न राखता सगळं शिकवलं, डब्यातली पुरणपोळीसुद्धा भरवली. मग एका दुपारी सर्व्हरच्या खोलीचं दार लावून घेतलं.

‘‘माझ्यामागं याला तू बघशील ना?’’

‘‘हो की, मॅडम,’’ नम्रता हसली.

‘‘असं नाही.’’ चैतालीनं तिचं मनगट घट्ट धरलं. ‘‘मोठ्यानं म्हण.’’