लाल फडकं

संध्याकाळी साडेपाचला तूदा खिंड उतरून तळावर आली, तेव्हा तंबू लागलेले होते, खेचरं बांधलेली होती आणि तिचे पाहुणे सी मफदल, म्हणजे मफदलसाहेब, तिथे नव्हते.

हे तिला लगेच कळलं नाही. अ‍ॅटलास पर्वतातल्या राष्ट्रीय उद्यानातल्या पायपिटीचा हा तिसरा दिवस होता. ती गाईड; तिच्या चार पाहुण्यांपैकी तिघी दमून मागून येत होत्या. खेचरवाला अद्दी, तिचा थोरला चुलतभाऊ, चहाची किटली घेऊन पुढे आला.

"तुझा म्हातारा कुठंय गं? त्याच्या वाट्याची साखर मीच खाऊन टाकीन हं!"

"मस्करी पुरे, दाद्दा. झोपले असतील तर उठव त्यांना. लेक येतेय मागून."

एरवी स्वतःच्या विनोदावर आधी अद्दीच हसायचा. आता तो हसला नाही.

"माझ्याकडे कुठं आहेत? ते तर तुझ्याकडे आले ना?"

तूदाने वळून खिंडीकडे पाहिलं.

दगडी मेंढवाड्यापाशी वाटा फुटतात. माणसं खिंडीतून चढून जातात, सामानाची खेचरं नदीकाठाने वळसा घेतात. कासाब्लांकाचे निवृत्त मुख्याध्यापक सी मफदल यांचे गुडघे दुपारी कुरकुरायला लागले, म्हणून तूदानेच त्यांना खेचरावर बसवून अद्दीबरोबर धाडलं होतं.

"थोडं पुढं येऊन उतरले," अद्दी म्हणाला. "गुडघ्यांपेक्षा तुझं खोगीर जास्त छळतंय म्हणाले. मग वर बोट दाखवलं, म्हणाले, ती बघ माझी सलवा, लाल टोपीतली, आत्ता गाठतो तिला."

"आणि तू जाऊ दिलंस?"

"हाजी माणूस, बापाच्या वयाचा. बाही धरून ओढू त्यांना? वळणाआड जाईपर्यंत बघत होतो मी."

तूदानेही ओढलं नसतं. गावात कुणीच ओढलं नसतं.

मफदलांचं लोकरी जाकीट खोगिरालाच अडकवलेलं होतं. दुपारी ऊन होतं. आता खिंडीवरून धुकं उतरत होतं आणि किटली धरूनही अद्दीची बोटं गारठली होती.

तेवढ्यात सलवा आणि तिच्या दोन मैत्रिणी पोहोचल्या.

"बा कुठंयत? जेवायला पहिला नंबर लावून बसले असतील!" डोक्याचा पांढरा रुमाल सोडून ती केस झटकू लागली.

तूदा त्या रुमालाकडे बघत राहिली. आज त्यांच्यापैकी कुणीच लाल काही घातलं नव्हतं.

मग तिला आठवलं. बर्फ वितळताना वरच्या जुन्या वाटेचा एक तुकडा दरीत गेला होता. पुढे कुणी जाऊ नये म्हणून उद्यानाच्या माणसांनी तिथे खांबाला लाल फडकं बांधलं होतं. नदीच्या वाटेवरून ते माणसाच्या डोक्याएवढंच दिसतं. वाऱ्याने हलतंही.

"अशी काय बघतेस, तूदा?"

तूदाने आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. सलवा आधी हसली. मग तिचा चेहरा उतरला.

"त्यांना लांबचं नीट दिसत नाही. गाडीसुद्धा सोडलीय त्यांनी." तिने खोगिराला अडकलेलं जाकीट ओढून काढलं. "मी येणार."

"नाही. दुसऱ्या वाटेने ते इकडेच आले तर समोर तू हवीस. भांडी वाजवत राहा, आवाज थांबू देऊ नकोस."

जाकीट तूदाने घेतलं. दरीतल्या गावातून दोरवाली माणसं बोलवायला तळावरच्या आचाऱ्याला फोन लागतो त्या टेकाडावर पिटाळलं आणि अद्दीला घेऊन ती निघाली. वाटेत अद्दी एकदाच बोलला, "मी बाही धरायला हवी होती." ती म्हणाली, "पाय उचल, दाद्दा."

सात वाजून गेले तेव्हा दोघं फडक्यापाशी पोहोचली. खांब जागेवर होता. खांबाच्या पलीकडच्या मुरुमात बुटाचा एकच ठसा होता, टाच खोल रुतलेली. पुढे वाट नव्हती. बॅटरीच्या उजेडात नुसतं धुकं दिसत होतं.

"सी मफदल!"

काहीच नाही. अद्दी तोंडातल्या तोंडात दुआ पुटपुटत होता. तिने त्याला गप्प केलं आणि कान दिला.

खाली दूर कुठेतरी दगड घरंगळला. तिने पुन्हा हाक मारली. आवाज थांबला, मग आणखी एक दगड घरंगळला.

त्यानंतर काही ऐकू आलं नाही. दोर घेऊन येणारी माणसं अजून दरीतल्या गावातून निघाली नव्हती.