कावडीच्या सोमवारी उतरवलेला बूट

मित्रांनो, मी एक जुना बूट आहे, डावा. उजवा अबोल आहे, म्हणून दोघांचं मीच सांगतो.

नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यात काम करणाऱ्या आचलने आम्हाला पहिल्या पगारात घेतलं. तिला सणांचं भारी वेड. सुट्टी मिळाली की बॅग पाठीला आणि मी पायात! पोळा, नवरात्र, शिवरात्र, सगळीकडे गेलो. पण पाहिलं काय? देवळाची पायरी आणि दुसऱ्यांच्या चपला. तरी मी तोऱ्यात असायचो. माझ्यावाचून हिचं पान हलत नाही, असं वाटायचं मला.

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी मात्र माझे डोळे पांढरे झाले. पहाटे आम्ही अकोल्याजवळ गांधीग्रामला पोचलो. पूर्णा नदीचं पाणी घागरींत भरून, घागरी कावडीला बांधून माणसं अकोल्याच्या राजराजेश्वराला निघालेली. मैलोन्‌मैल वाट, आणि सगळी अनवाणी! तेवढ्यात आचलने माझीच नाडी सोडली. देऊळ कुठच्या कुठे, आणि मी आताच बाहेर?

"चाची, बूट ठेवता का? दुपारी येतो न्याले," ती चहावाल्या सईदाबींना म्हणाली.

"ठेव बाकाखाली. पण सांभायून चालजो, रस्त्यावर गिट्टी हाये."

माझा जीव टांगणीला लागला. ती येईल ना? तीन वाजता ती ऑटोतून उतरली, आणि मी हादरलोच. तळव्यांना फोड, पाय सुजून टम्म! मला घालू गेली तर टाच आत जाईना. ज्या पायांना मी काटा लागू दिला नाही, त्यांना आता मीच नकोसा झालो होतो.

सईदाबींनी पायातली निळी चप्पल काढून पुढे सरकवली.

"अन् तुमी?"

"मले कुठं जा लागते? रविवारी आणून देजो."

आचल ती चप्पल घालून, मला हातात धरून निघाली. मागे सईदाबी ओल्या मातीत अनवाणी उभ्या. ना उपास, ना नवस. इतके सण फिरलो, पण असं काही कधी पाहिलं नव्हतं.

मित्रांनो, त्याला आठ महिने झाले. माझा तळ उकलला, आचलने नवे बूट घेतले. ते घालून ती होळीला मेळघाटात जाऊन आली. आणि निळी चप्पल? माझ्याच शेजारी, खाटेखाली! "येत्या रविवारी जातो," हे मी दर आठवड्याला ऐकतो. लाज मला वाटते.

मला टाके नकोत, पॉलिश नको. कोणी गांधीग्रामला जाणार असाल तर तेवढी चप्पल पोचवा. आणि आधी जरा आपापल्या खाटेखाली वाकून बघा.