तुपकट बोट

धुळ्याच्या डॉक्टर दिपमाला यांनी रूपलची पापणी अलगद उलटी केली आणि आतला फोटो पडद्यावर दाखवला. पांढऱ्या उभ्या रेघा, एकीला लागून एक.

"या तेलाच्या ग्रंथी. यांची तोंडं केसांच्या मागे, पापणीच्या काठावर उघडतात. पापणी लवली की तेल अश्रूंवर पसरतं, म्हणून डोळा ओला राहतो. तुमची तोंडं बुजलीत. असंच चाललं तर ग्रंथी झिजतील, बुबुळाला जखमा होतील आणि नजरेवर बेतेल."

डॉक्टरांनी काठ दाबला. यायला हवं स्वच्छ तेल, आलं काळंकुट्ट.

"काजळ बंद करा म्हटलं होतं ना?"

"केव्हाच बंद केलंय हो! देवाशपथ!"

आणि खोटं नव्हतं ते. दिवाळीच्या दिव्यावर ताट धरून काजळ पाडायचं, तुपात खलायचं आणि वर्षभर घरादाराच्या डोळ्यांत घालायचं, हा चोपड्याच्या घरात सासूचा, धनकुंवरबाईंचा मान. घालायच्या तेही आतल्या काठावर, बोटाने घासघासून. नको म्हणायची कुणाची टाप होती? म्हातारी भलती खमकी! ती गेली आणि रूपलने काजळाची डबी तापीच्या पुलावरून भिरकावली. सुटले बाई एकदाची, असं तिला तेव्हा वाटलं होतं, कशाला खोटं बोला.

दुपारी ती घरी पोचली, तर चिमुरडी चेलना डोळे चोळत बसलेली. दोन्ही डोळे काजळाने भरलेले.

"कुणी घातलं गं हे?"

"दादीनं."

"दादी देवाघरी गेली ना, बेटा?"

"रोज येते की. तू दुपारी झोपतेस ना, तेव्हा तुला घालते. आजपासून मलापण." चेलनाने पुन्हा डोळे चोळले. "खूप खुपतंय मम्मी. तू सांग ना तिला, नको म्हणून."

आतल्या खोलीत डबीचं झाकण वाजलं. रूपलने लेकीला छातीशी ओढलं आणि तिचे डोळे दोन्ही तळहातांनी घट्ट झाकले.

"नको, बाईजी," जन्मात पहिल्यांदा ती सासूला म्हणाली. "हिला नको."

मग तिच्या बोटांवरून एक तुपकट बोट हळूहळू फिरू लागलं, आत शिरायला फट शोधत.