दिवा गेल्यावरचा पंखा

कोथरूडात कौशल्याबाईंच्या बाथरूमच्या भिंतीला बुरशी चढली आणि तिकडे ह्यूस्टनला लेकाच्या जिवाला घोर लागला.

"आई, तुझा खोकला त्या ओलीचा आहे. भिंत नाही सुकली तर फ्लॅट काढून टाकू. तळेगावला छान जागा बघितलीय. तुझ्या वयाची माणसं असतात तिथे."

"माझ्या वयाचं माणूस मला आरशात दिसतं, शुभंकर. त्यासाठी तळेगाव कशाला?"

बोलल्या खऱ्या, पण फोन ठेवल्यावर बाथरूमची भिंत पुन्हा एकदा चाचपून आल्या. ह्या घरातून आडवंच निघायचं, हे त्यांनी कधीच ठरवलेलं होतं.

दुसऱ्याच दिवशी संभाजी वायरमनने जुना एक्झॉस्ट फॅन काढून टायमरवाला बसवला.

"आजी, जुन्याला दोन वायरी होत्या, ह्याला तिसरी ओढलीय. तुम्ही दिवा बंद केलात तरी हा वीस मिनिटं फिरणार, वाफ काढणार, मग आपला आपण थांबणार. फक्त हे वरचं बटण कायम चालू ठेवायचं."

"म्हणजे आमच्या ह्यांच्यासारखाच. आंघोळ उरकली तरी बाहेर यायचं नाव नसायचं."

आठवडा गेला. भिंत ओली ती ओलीच. कौशल्याबाईंनी संभाजीला बोलावून फैलावर घेतलं.

"मी बाहेर आले की तुझा पंखा मान टाकतो!"

संभाजीने दिवा लावला, बंद केला. पंखा फिरतच राहिला.

"चालतोय की! बरं, तुम्ही रोजच्यासारख्या आत जा आणि बाहेर या बघू."

कौशल्याबाई आत गेल्या, बाहेर आल्या आणि त्यांच्या हाताने एका फटक्यात दोन्ही बटणं बंद केली. खट्, खट्. संभाजी हसत सुटला.

"दात काय काढतोस? एका पगारात सहा माणसं वाढवलीत मी. रिकाम्या खोलीत दिवा दिसला की पोराच्या पाठीत धपाटा बसायचा."

संभाजीने वरच्या बटणावर काळी चिकटपट्टी लावली आणि तो गेला.

सकाळी आंघोळ झाल्यावर त्यांनी दिवा तेवढा बंद केला. चहा टाकला. आत पंखा घुमत होता, कुणीतरी असल्यासारखा.

"अहो, आटपा, चहा निवतोय," तोंडातून निघून गेलं.

वीस मिनिटांनी तो थांबला. मग भिंतीवरचं घड्याळ तेवढं ऐकू येऊ लागलं.

पंधरवड्याने, रविवारी, शुभंकरचा फोन आला.

"भिंत काय म्हणतेय?"

"खडखडीत वाळलीय. तळेगाववाल्यांना सांग, आमची म्हातारी येत नाही."

"बरं झालं. मग आता काळजी नाही. ठेवतो हं, मीटिंग आहे."

"रविवारी?"

फोन बंद झाला होता. घर राहिलं होतं. सगळंच्या सगळं, तीन खोल्या.

कौशल्याबाई उठल्या. आंघोळ तर सकाळीच झाली होती. त्यांनी रिकाम्या बाथरूमचा दिवा लावला, जरा थांबून बंद केला आणि आत पंखा घुमत असताना स्वयंपाकघरात येऊन गवार निवडायला बसल्या.